अमेरिका-भारत व्यापाराची फेरमांडणी आणि खान्देशचा कापूस: ११ टक्के शुल्काचा क्विंटलमागे हिशोब काय? (२०२५ च्या अखेरची चर्चा; भाव, शुल्क आणि हमीभाव तेव्हाचे)

गिरणाकाठ (पाचोरा):
राम राम मंडळी. अमेरिकेनं २०२५ च्या ७ ऑगस्टपासून आपल्या मालावर २५ टक्के आणि २७ ऑगस्टपासून रशियन तेलाच्या नावाखाली आणखी २५, असं ५० टक्के शुल्क लावलं. आपल्या सरकारनं १९ ऑगस्टला कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क काढून टाकलं. आधी ३० सप्टेंबरपर्यंत, मग ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत. इकडे खेडा खरेदीत (व्यापारी गावात येऊन घेतात ती) क्विंटलला ६,८०० ते ७,१०० च्या वर कोणी बोलायला तयार नाही आणि लांब धाग्याचा २०२५-२६ चा हमीभाव ८,११० आहे.

पारावर तीन मतं आहेत. एक म्हणतो शुल्क काढल्यानंच भाव पडला. दुसरा म्हणतो जानेवारीत शुल्क परत लागलं की साडेआठ हजार होतील, कापूस घरात ठेवा. तिसरा म्हणतो अमेरिकेशी करार झाला की त्यांचा कापूस कायमचा बिनशुल्क येईल, मग पऱ्हाटी (कपाशी) लावणंच सोडा. बातम्यांत नुसते अब्ज डॉलर असतात. कोणी क्विंटलवर आणून हिशोब मांडेल का? आकडेमोड दाखवा, नुसतं मत नको.

रुई_सरकी:
भाऊ, आधी पडतळ (माल दारात येईपर्यंत पडणारी किंमत) काढायला शिका, म्हणजे पारावर कोण काय म्हणतो त्याची गरज राहणार नाही.

न्यूयॉर्कचा वायदा (पुढच्या तारखेच्या सौद्याचा भाव) सेंट प्रति पौंडात असतो. आपली खंडी ३५६ किलोची, म्हणजे साधारण ७८४ पौंड. २०२५ च्या अखेरीस वायदा ६४-६५ सेंटच्या घरात फिरत होता, पण तो भाव तिथला. दर्जाचा फरक आणि जहाजभाडं धरून आशियाच्या बंदरात पोच भाव साधारण ७४ सेंट धरा. डॉलर ९० रुपये.

०.७४ × ७८४ × ९० = ५२,२०० रुपये खंडी.

यावर ११ टक्के म्हणजे ५,७४० रुपये. (११ कसे? मूळ सीमाशुल्क ५, कृषी पायाभूत सुविधा उपकर ५ आणि या दोन्हींवर १० टक्के समाजकल्याण अधिभार. फेब्रुवारी २०२१ च्या अर्थसंकल्पात हे लागलं, त्याआधी शून्यच होतं.) बंदरावरचा खर्च आणि गिरणीपर्यंतचं भाडं खंडीला दीड हजार धरा. म्हणजे बिनशुल्क आयात ५३,७००, शुल्कासह ५९,४५०.

आता कापसावर या. १०० किलो कापसाला रुईचा (सरकी काढलेल्या कापसाचा) उतारा ३४, सरकी ६३, बाकी ३ किलो घट. उतारा ३२ आला तर सगळं गणित खाली येतं, म्हणून आपल्या मालाचा उतारा माहीत असावा.

रुई ५३,७०० खंडी, म्हणजे किलोला १५१. ३४ किलोचे ५,१३० रुपये.
सरकी ३,४०० क्विंटल धरली तर ६३ किलोचे २,१४०.
एकूण ७,२७०. जिनिंग-प्रेसिंग (सरकी वेगळी करून रुईच्या गाठी बांधणं), हमाली, बाजार फी मिळून ३०० वजा. उरले ६,९७० रुपये.

तुमच्याकडचा खेडा खरेदीचा भाव यालाच चिकटून आहे बघा. व्यापारी लुटतोय असं दरवेळी नसतं. कधी असतं, तो भाग वेगळा.

शुल्कासह तेच गणित: ५९,४५० खंडी, किलोला १६७, ३४ किलोचे ५,६८०. सरकी मिळवून आणि खर्च वजा करून ७,५२०. म्हणजे शुल्काचा पूर्ण परिणाम क्विंटलला साडेपाचशे रुपये.

आता उलटं करा. खासगी खरेदीदारानं ८,११० द्यायचे तर रुई कितीला विकली पाहिजे? (८,११० + ३०० − २,१४०) भागिले ३४ म्हणजे किलोला १८४, खंडी ६५,६००. शुल्कासहची आयात पडतळ ५९,४५०. शुल्क पुरं परत आलं तरी हमीभावाला सहा हजार खंडी कमीच पडतात. साडेआठ हजाराची गोष्ट सोडून द्या.

गिरणाकाठ:
हे चांगलं झालं. म्हणजे जानेवारीत निदान ५५० तरी वाढतील?

रुई_सरकी:
एकदम नाही. कारण जहाजात आहे.

शुल्काचा दर हा खरेदीचा सौदा कोणत्या तारखेला केला यावर ठरत नाही. बंदरात बिल ऑफ एंट्री (आयात मालाचा सीमाशुल्काचा कागद) भरलं ती तारीख आणि जहाजाच्या आगमनाची नोंद, यांत जी नंतरची असेल ती धरतात. ऑगस्टच्या १९ ला सूट जाहीर झाली तेव्हा अमेरिका किंवा ब्राझीलमध्ये सौदा करून माल ३० सप्टेंबरच्या आत इथं उतरवणं बहुतेकांना शक्य नव्हतं. सौदा, पतपत्र (पैशाची बँकेची हमी), तिथल्या गोदामातून बंदर, मग समुद्र, यात दोन-अडीच महिने सहज जातात. म्हणून मुदत डिसेंबरअखेरपर्यंत वाढली. परिणाम असा की ज्याला मागवायचं होतं त्यानं ऑक्टोबर ते डिसेंबर या तीन महिन्यांत उतरवून घेतलं. आपली पहिली-दुसरी वेचणी बाजारात येते तेही हेच तीन महिने. गिरण्यांकडे पुढच्या काही महिन्यांचा माल पडून आहे. तो संपेपर्यंत त्या नव्या शुल्काच्या भावात खरेदीला उतरणार नाहीत.

एक बारकावा: करबंद गोदामात (शुल्क न भरता माल ठेवतात तिथं) ठेवलेल्या मालाला शुल्काच्या सुटीचा फायदा नंतर मिळत नाही, गोदामातून काढायचं बिल भराल त्या दिवसाचा दर लागतो. त्यामुळे डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात मालाची मोकळीक करायची धावपळ होईल आणि त्या काळात स्थानिक मागणी आणखी थंड असेल. विकायचंच असेल तर तो आठवडा टाळा.

दुसरं ओझं सीसीआयचं, म्हणजे हमीभावानं खरेदी करणाऱ्या सरकारी भारतीय कापूस महामंडळाचं. गेल्या हंगामात (२०२४-२५) त्यांनी सुमारे १०० लाख गाठी (एक गाठ १७० किलोची) घेतल्या आणि नंतर ऑनलाइन लिलावात विकल्या. सीसीआय ज्या भावाला गाठ विकते त्याच्या वर खासगी रुई जात नाही. त्यांनी विक्रीदर उतरवला की आमच्या खासगी रुईचाही दर त्याच दिवशी उतरतो.

तीस_नंबर_सूत:
सूतगिरणीच्या बाजूनंही कोणी बोलायला हवं, नाहीतर सगळा दोष आयातीवर जाईल.

पहिली गोष्ट, जी गिरणी निर्यातीसाठी सूत किंवा कापड करते तिला ॲडव्हान्स ऑथरायझेशनखाली कापूस आधीपासूनच बिनशुल्क आणता येतो. अट एवढीच की त्या मालाची ठरलेल्या मुदतीत निर्यात करून दाखवायची, नाहीतर शुल्क व्याजासकट भरायचं. मग ऑगस्टच्या सुटीचा खरा फायदा कोणाला? देशात विकणाऱ्या गिरण्यांना, आणि ज्यांना हे कागद सांभाळणं झेपत नाही अशा लहान युनिटना. निर्यातदाराला दिलासा म्हणून ही सूट जाहीर झाली. हिशोब मांडला तर तसं दिसत नाही.

दुसरी गोष्ट, ५० टक्क्यांशी या सुटीचं मापच जुळत नाही. कारखान्यातून ४ डॉलरला निघणारा सुती टी-शर्ट घ्या. अमेरिकेत त्यावर नेहमीचं शुल्क साडेसोळा टक्के. २०२५ मध्ये भारतावर वरून ५०, म्हणजे तिथल्या आयातदाराला तो ६.६६ डॉलरला पडला. बांगलादेशवर वरून २०, तिथला ५.४६ ला. (व्हिएतनाम २०, पाकिस्तान १९.) फरक १.२० डॉलर, १०८ रुपये. त्या टी-शर्टात रुई लागते पाव किलो, तिची किंमत ३७-३८ रुपये. तिच्यावरचं ११ टक्के शुल्क वाचलं म्हणजे चार रुपये वाचले. १०८ रुपयांची खोट चार रुपयांनी भरायची!

म्हणून तिरुपूरच्या (तमिळनाडूतलं निर्यातीच्या कपड्यांचं गाव) ऑर्डर गेल्या की सुताचा उठाव थांबतो, आणि उठाव थांबला की गिरण्या जिनरचा (जिनिंगवाल्याचा) फोन उचलत नाहीत. शेतकऱ्याला खरा मार तिथून बसतो. शुल्काचे ५५० निदान मोजता येतात.

तिसरी गोष्ट कडू आहे. परदेशी गाठीत केस, सुतळी, गोणीचे धागे, प्लास्टिक, कोंबडीची पिसं सापडत नाहीत. यंत्रानं वेचलेला माल, शेतातच गठ्ठा बांधलेला. आपल्याकडे खताच्या प्लास्टिक गोणीत वेचतात, तिचा धागा रुईत गेला की रंगवलेल्या कापडावर पांढरी रेघ उठते आणि अख्खा तागा परत येतो. किलोला दोन-चार रुपये जादा देऊनही गिरणी परदेशी गाठ का घेते, याचं कारण हे. वेचणीला सुती कापडाची झोळी वापरा, डोक्याला कापड बांधा. शुल्क लागो न लागो, याला भाव मिळतो, निदान जिथं जिनर माल वेगळा काढतो तिथं.

रुई_सरकी:
सूतवाल्यांचं शेवटचं अर्धंच खरं आहे. स्वच्छ माल वेगळा काढायला जिनिंगला वेगळी फळी, वेगळा ढीग लागतो, आणि त्याचे जादा पैसे गिरणी दरवेळी देत नाही. बाकी गणित मान्य.

बंदर_ते_बांध:
तिसऱ्या प्रश्नाकडं, कराराकडं येतो. पण आधी अमेरिकेचा कापूस आपल्या दारात का आला ते बघा, त्याची सुरुवात चीनपासून आहे.

जुलै २०१८ मध्ये अमेरिकेनं चिनी मालावर २५ टक्के लावले, चीननं उत्तरादाखल सोयाबीन, कापूस वगैरेंवर २५ टक्के लावले. १५ जानेवारी २०२० ला पहिल्या टप्प्याचा करार झाला. चीननं दोन वर्षांत २०१७ च्या पातळीपेक्षा २०० अब्ज डॉलरची जादा खरेदी करायची, असं ठरलं. ती पुरी झाली नाही. मग २१ जून २०२२ पासून शिनजियांगचा कापूस असलेला कोणताही कपडा अमेरिकेत अडवायचा कायदा लागू झाला. चीनचा बहुतेक कापूस शिनजियांगचाच. मार्च २०२५ मध्ये चीननं अमेरिकी कापसावर पुन्हा १५ टक्के जादा लावले, एप्रिलमध्ये दोघांचे दर शंभराच्या वर गेले, मेमध्ये जिनिव्हात तह झाला, ३० ऑक्टोबरला बुसानमध्ये ट्रम्प आणि शी भेटले. चीननं सोयाबीनचं वचन दिलं: त्या वर्षअखेरपर्यंत १.२ कोटी टन, पुढची तीन वर्षं दरसाल अडीच कोटी टन. कापसाला असा ठरीव आकडा मिळाला नाही.

या सात वर्षांत चीननं ब्राझीलकडून घ्यायची सवय लावून घेतली. २०२३-२४ मध्ये ब्राझील निर्यातीत अमेरिकेच्या पुढं गेला. टेक्सासच्या गाठींना आता गिऱ्हाईक हवं: व्हिएतनाम, पाकिस्तान, बांगलादेश, तुर्कस्तान आणि आपण. अमेरिकेच्या एप्रिल २०२५ च्या शुल्काच्या आदेशात एक कलम होतं. मालाच्या किमतीत निदान २० टक्के भाग अमेरिकी असेल तर नवं शुल्क फक्त उरलेल्या भागावर लागायचं. बांगलादेशची गिरणी अमेरिकी गाठ मागायची ती यासाठी. वरच्या टी-शर्टात रुईचा वाटा जेमतेम दहा टक्के, तिथं हे कलम चालत नाही. जाड टॉवेल, चादरी अशा मालात वीस टक्क्यांच्या जवळपास जाता येतं.

आता भारत-अमेरिका. २०२४-२५ मध्ये आपण त्यांना ८६.५ अब्ज डॉलरचा माल विकला, ४५.३ अब्जांचा घेतला. ही तूट त्यांना खुपते. फेब्रुवारी २०२५ मध्ये दोन्ही देशांनी २०३० पर्यंत ५०० अब्जांचा व्यापार करायचं ठरवलं, आणि वाटाघाटीत शेतमालच अडतो. दूध, मका, सोयाबीन यांवर आपलं सरकार २०२५ मध्ये ताठर होतं. कापसात मात्र खाण्या-पिण्याचा प्रश्न येत नाही, जनुकीय बदलाचा वादही नाही, कारण आपण स्वतः २००२ पासून बीटी लावतो. वाटाघाटी करणाऱ्याला सोडून द्यायला सगळ्यांत सोपी वस्तू कोणती, तर कापूस. म्हणून गिरणाकाठ यांच्या पारावरच्या तिसऱ्या माणसाची भीती फोल नाही, फक्त तिचं माप चुकतंय.

माप कशानं ठरेल? सूट कोट्यात देतात की सरसकट, यावर. ऑस्ट्रेलियाशी २९ डिसेंबर २०२२ ला लागू झालेल्या करारात वर्षाला ५१,००० टन कापूस बिनशुल्क आहे, म्हणजे १७० किलोच्या तीन लाख गाठी. देशाचं पीक ३०० लाख गाठींच्या आसपास. एक टक्का. त्यानं खान्देशात काही हललं नाही. तसाच कोटा अमेरिकेला दिला, तोही फक्त जादा लांब धाग्याचा, तर झोप उडायचं कारण नाही. (३२ मिमीच्या वरच्या जादा लांब धाग्याला फेब्रुवारी २०२४ पासून शुल्क नाहीच, आपली बहुतेक कपाशी २८ ते ३१ मिमीतली.) सरसकट शून्य केलं तर मात्र वरचे ६,९७० हाच कायमचा छत-भाव समजा, आणि तो न्यूयॉर्क आणि डॉलरबरोबर खालीवर होईल.

अमेरिकेचा शेतकरी या भावात कसा टिकतो हेही विचारा. त्यांच्या २०२५ च्या नव्या कायद्यानं बिनजिनलेल्या कापसाचा संदर्भभाव पौंडाला ३६.७ सेंटवरून ४२ सेंट केला. बाजार त्याखाली गेला की फरकाचा मोठा भाग सरकार भरतं. २००२ मध्ये ब्राझीलनं याच अनुदानांवर जागतिक व्यापार संघटनेत दावा लावला, जिंकला, आणि २०१४ मध्ये ३० कोटी डॉलर घेऊन मिटवला. त्याच अमेरिकेनं नोव्हेंबर २०१८ मध्ये आपल्या कापसाच्या हमीभावावर आक्षेप नोंदवला.

पांझरा (धुळे):
सगळं खापर अमेरिकेवर फोडू नका भो. गेल्या हंगामात, म्हणजे ऑक्टोबर २०२४ ते सप्टेंबर २०२५, देशात ४० लाख गाठींच्या आसपास आयात झाली. त्यातले साडेदहा महिने ११ टक्के शुल्क चालू होतं! शुल्क भरूनही परवडलं, कारण हमीभावाची रुई त्याहून महाग पडत होती. हेक्टरी रुई आपण साडेचारशे किलोच्या घरात काढतो, ब्राझील त्याच्या चौपट. त्यात गुलाबी बोंडअळी. ११ टक्क्यांचा बांध घालून चौपटीचा फरक अडत नाही.

गिरणाकाठ:
ते खरं. पण तुम्ही सगळे रुईवर बोलताय, सरकी सरळ ३,४०० धरली. ती पडली तर?

रुई_सरकी:
हा प्रश्न बरोबर पकडलात. क्विंटलच्या पैशात सरकीचा वाटा तीस टक्के आहे. सरकी क्विंटलला ३०० नं उतरली की कापसाचे १९० गेले, म्हणजे शुल्काच्या परिणामाच्या तिसऱ्या हिश्श्याइतके. आणि त्याची बातमी होत नाही.

सरकीला दोन पाय आहेत, तेल आणि ढेप. तेलाचं बघा: ३० मे २०२५ ला कच्च्या पाम, सोया, सूर्यफूल तेलावरचं मूळ शुल्क २० वरून १० केलं, उपकरासह एकूण साडेसत्तावीसवरून साडेसोळा. सरकी तेल त्यांच्याच मागं चालतं. ढेपेचं बघा: इथेनॉल कारखान्यांतून मक्याचा आणि तांदळाचा चोथा, त्याला डीडीजीएस म्हणतात, पशुखाद्यात येतोय. प्रथिनं भरपूर, भाव कमी. पशुखाद्यवाला सरकी ढेप कमी करून तो घालतो. अमेरिकेलाही हाच चोथा आपल्याला विकायचा आहे, त्यांच्याकडे मक्याच्या इथेनॉलमधून तो मुबलक निघतो. कराराच्या बातमीत कापसाचं नाव नसलं तरी डीडीजीएस आणि सोयातेल ही दोन नावं शोधा. ती असली तर सरकीवर दबाव येणार.

मुक्ताई_पट्टा:
रावेर-यावलच्या केळीवर अमेरिकेच्या ५० टक्क्यांचा काही परिणाम?

बंदर_ते_बांध:
थेट नाही. आपली केळी आखाती देशांत, इराण-इराकला जाते. तिला अमेरिकी शुल्कापेक्षा आखातातली तणातणी आणि रिकाम्या रीफर (थंडगार) कंटेनरचा तुटवडा जास्त नडतो. मक्याचं विचारा हवं तर: ५ लाख टनांपर्यंत १५ टक्के आणि त्यापुढच्या मालावर ५० टक्के आयात शुल्क आहे. २०२५-२६ चा हमीभाव २,४०० असून बाजार त्याच्या बराच खाली होता. कापूस सोडून मक्याकडं गेलेल्यांनी मक्याच्या या ५० टक्के आयात शुल्कावर नजर ठेवावी.

गिरणाकाठ:
शेवटचं विचारतो. घरात तीस-पस्तीस क्विंटल आहे. काय करावं?

पांझरा (धुळे):
खासगी ६,९७० आणि हमीभाव ८,११० असताना पहिला रस्ता सीसीआयचाच. कपास किसान ॲपवर नोंदणी, आधार, चालू हंगामाची पीकपाहणी लागलेला सातबारा, मग स्लॉट. पीकपाहणीत कापसाऐवजी मका पडला असेल तर तिथंच गाडी अडते, ते आधी तलाठ्याकडून बघून घ्या. हेक्टरी किती क्विंटल घेतात ते जिल्ह्यागणिक बदलतं, केंद्रावर विचारा. पैसे आधार जोडलेल्या खात्यात येतात. खातं बंद पडलेलं असेल तर महिना घोळ.

ओलाव्याचं गणित नीट ध्यानात घ्या. ८ टक्क्यांपर्यंत पूर्ण ८,११०. पुढं दर टक्क्याला ८१ रुपये वजा, १२ ला ७,७८६, त्यावर माल परत. पण वाळवून वजनही घटतं. ११ टक्क्यांचा क्विंटल ८ वर आणला तर ९६.७ किलो उरतो, म्हणजे २६४ रुपयांचं वजन गेलं. न वाळवता दिला तर कट्टी २४३ ची. आठवर आणायची खटपट तोट्याची. दहा-अकरावर थांबा, बाराच्या काठावर मात्र नेऊ नका, सकाळच्या दवात ट्रॉली उभी राहिली की काटा तेरा दाखवतो. दुपारचा स्लॉट मिळाला तर तोच घ्या.

पहिल्या दोन वेचण्यांचा माल आणि शेवटची कवडी (शेवटच्या वेचणीचा हलका, किडका कापूस) एका ट्रॉलीत टाकू नका, धाग्याच्या लांबीवर पूर्ण ट्रॉली मध्यम धाग्यात गेली तर ७,७१० धरतील. कवडी खासगीला द्या.

रुई_सरकी:
आणि कवडीचा सौदा करताना त्या दिवसाचा सरकीचा भाव आधी विचारा, कापसाचा नंतर.